'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ कायदा नव्हे

नागपूरच्या सीताबर्डी आणि इतवारीतील कित्येक दुकानांच्या बिलांवर ही ओळ छापलेली असते आणि ती वाचून सदोष वस्तू घेतलेला ग्राहक निमूटपणे घरी परततो. ही ओळ म्हणजे कायदाच, हा समज चुकीचा आहे. 20 जुलै 2020 पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत, आणि मुदतच नमूद नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र केवळ रंग आवडला नाही म्हणून हा हक्क मिळत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे.

वकिलाशिवाय काही होत नाही, ही दुसरी भीतीही निराधार आहे. ग्राहक स्वतः किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटना त्याच्या वतीने जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि कंपनी परगावची असली तरी नागपूरच्या रहिवाशाला नागपुरातच दाद मागता येते. ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांचे खरे मोल इथे आहे, कारण एकटा माणूस ज्या कागदपत्रांपुढे थकतो ती जुळवून देणारा अनुभवी कार्यकर्ता सोबत असला की तक्रार टिकते.

पैसे घेऊन उपचार करणारी रुग्णालयेही 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, तसेच भविष्य निर्वाह निधीचा सदस्य असलेला कामगारही ग्राहक मानला गेला आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तोवर बिल जपून ठेवावे.