डॅशबोर्डमधली १८० मिलिमीटरची खाच

वडिलांच्या २००९ सालच्या गाडीत टचस्क्रीन बसवायचा होता, म्हणून नाना पेठेतल्या एका दुकानासमोर गाडी लावली. आधी जुना टेप काढायचा होता. खरं तर तो सीडी प्लेयर, पण गाडीत जे वाजतं त्याला आपल्याकडे टेपच म्हणतात. फिटरने दोन पातळ लोखंडी पट्ट्या टेपच्या दोन्ही बाजूंच्या फटींत सरकवल्या, टक् असा आवाज झाला आणि टेप अलगद पुढे आला. मागोमाग वायरींचा पुंजका. काळी चिकटपट्टी उन्हाने वितळून गोंदासारखी झालेली, कंपनीचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापलेला, वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या. एक निळी वायर डॅशबोर्डखालून थेट मागच्या सीटपर्यंत जात होती. आधीच्या मालकाने कधीतरी बसवलेल्या अँप्लिफायरची ती वायर. अँप्लिफायर कधीच गेला होता, वायर तेवढी राहिली होती.

"काका, या गाडीला आतापर्यंत तीन टेप लागलेत," फिटर वडिलांना म्हणाला. जोड बघूनच त्याने ते ओळखलं होतं.

टेप निघाल्यावर डॅशबोर्डात जी आयताकृती खाच उरली, ती १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. टचस्क्रीन, अँड्रॉइड, रिव्हर्स कॅमेरा ही सगळी चर्चा मला या खाचेपासूनच सुरू करावीशी वाटते. पंधरा वर्षं जुन्या गाडीत आज कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं यंत्र आणून बसवता येतं, त्याचं कारण ही खाच आहे.

गाडीतला रेडिओ जन्माला आला तोच बाहेरून बसवायची वस्तू म्हणून. १९३० साली शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी पहिला यशस्वी कार रेडिओ विकायला काढला, तेव्हा तो गाडीच्या कारखान्यातून बसवलेला येत नव्हता. अटलांटिक सिटीत रेडिओ बनवणाऱ्यांचं अधिवेशन भरलं होतं. तिथे दुकान मांडायला जागा नव्हती, म्हणून पॉल गॅल्विन यांनी आपली स्टुडबेकर गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला. 'मोटर' आणि त्या काळच्या ग्रामोफोनच्या नावांत असायचं ते 'ओला' जोडून या रेडिओचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतलं. रेडिओ बसवणं म्हणजे मोठं काम होतं. बॅटऱ्या पायाखालच्या फळीत, एरियल छपरात, स्पीकर वेगळा, आणि डॅशबोर्डला भोकं पाडावी लागत ती निराळीच.

खरा त्रास आवाजाचा होता. इंजिनाच्या प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओत खरखर यायची. गॅल्विन यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांनी ती दाबायला बरीच मेहनत घेतली. आजही नवा स्क्रीन बसवल्यावर एक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येते, अशी तक्रार लोक करतात. ही त्याच खरखरीच्या घराण्यातली. कारण बहुतेक वेळा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आवाज आणि कच्चं अर्थिंग. काळी वायर गाडीच्या पत्र्याला नीट घट्ट बसवली, पत्रा खरवडून रंग काढला, की निम्म्या वेळा ती जाते.

पुढची पन्नास वर्षं दर काही वर्षांनी गाडीत वाजणारी वस्तू बदलत गेली. जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये युरोपातला पहिला कार रेडिओ आणला. १९५५ च्या अखेरीस क्रायस्लरने आपल्या गाड्यांसाठी फिल्कोने बनवलेला ट्रान्झिस्टर रेडिओ दिला आणि जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तापायची वाट बघणं संपलं. त्याच क्रायस्लरने गाडीत रेकॉर्ड प्लेयरही बसवून पाहिला, पण तो टिकला नाही. खड्ड्यात सुई उडणारच. साठीच्या दशकाच्या मध्यावर फोर्डच्या गाड्यांत एट-ट्रॅक हा जाड खोक्यातला टेप आला, आणि त्यामागे पुन्हा तेच विल्यम लिअर होते. शेवटी बाजी मारली फिलिप्सच्या छोट्या कॅसेटने. ती १९६३ साली बाहेर आली आणि सत्तरीच्या दशकात गाड्यांमध्ये रुळली.

वस्तू बदलत असल्या तरी त्यांना गाडीत जागा एकच होती, आणि ती जागा प्रत्येक कंपनी आपल्या मनाप्रमाणे कापत असे. जर्मन मानक संस्थेने, म्हणजे डीआयएनने, या जागेचं माप ठरवून दिलं. पुढे ते ऐंशीच्या दशकात आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ७७३६ या क्रमांकाने जगभर मान्य झालं. दुकानात आजही सगळे 'सिंगल डिन' म्हणतात ते यामुळे. कागदावर साधी वाटणारी ही गोष्ट मला फार मोठी वाटते. या एका मापामुळे कोणत्याही कंपनीची गाडी आणि कोणत्याही कंपनीचा टेप यांची गाठ बसली. गाडीत काय वाजावं हे ठरवायचा हक्क गाडी बनवणाऱ्याकडून मालकाकडे आला, आणि त्याच्याबरोबर फिटरच्या हातालाही काम आलं.

भारतात तर हा हक्क आपसूकच मिळाला होता, कारण कंपन्या टेप देतच नव्हत्या. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत किंवा अँबेसेडरमध्ये रेडिओ हवा असेल तर डॅशबोर्डखाली पट्टी ठोकून तो लटकवायचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. नंतरची कितीतरी वर्षं तिच्यात, आणि तिच्यासारख्या छोट्या गाड्यांत, टेपच्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण असायचं. गाडी घरी आली की पूजा, आणि पूजेनंतर पहिली फेरी टेप बसवायला. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोडचा परिसर, पुण्यात नाना पेठ. परदेशी टेपवर कर जबर होता, त्यामुळे चांगला डेक हवा असेल तर आखातात नोकरीला असलेल्या कोणाला तरी सांगून ठेवावं लागे. कोकणातल्या कितीतरी घरांत असा माणूस होता. गावी सुट्टीला येताना बॅगेत अत्तर, साबण आणि कागदात गुंडाळलेला कार टेप.

नव्वदीनंतर बाजार खुला झाला. सोनी, पायोनिअर, केनवूड ही नावं दुकानांच्या पाट्यांवर झळकू लागली आणि त्याबरोबर टेपचोऱ्याही वाढल्या. म्हणून टेपचा दर्शनी भाग काढता येऊ लागला. माझा मामा रात्री गाडी लावली की ती पट्टी काढून चष्म्याच्या घरासारख्या डबीत ठेवायचा आणि जेवताना डबी ताटाशेजारी असायची. सकाळी घाईत ती घरी राहिली, तर दिवसभर गाडी मुकी.

टचस्क्रीनची गोष्ट मात्र वेगळ्या दिशेने आली. ब्युइक रिव्हिएरा या अमेरिकन गाडीत १९८६ सालीच स्पर्शाने चालणारा पडदा होता, तोही टीव्हीसारख्या काचेच्या नळीचा. रेडिओ आणि एसी त्यावरून चालवावे लागत. लोकांना ते पसंत पडलं नाही. बटण चाचपून सापडतं, पडद्याकडे मात्र बघावं लागतं, आणि बघायचं म्हणजे रस्त्यावरून नजर हटवायची. हा आक्षेप आजही तितकाच खरा आहे. काही वर्षांतच कंपनीने तो पडदा काढून टाकला.

पडदा परत आला तो नकाशाच्या गरजेतून, आणि जपानमधून. १९९० साली पायोनिअरने जीपीएसवर चालणारं नेव्हिगेशन दुकानात विकायला आणलं. नकाशा ५० मिलिमीटर उंचीच्या पट्टीत मावेना. एकावर एक दोन टेप बसतील अशी १०० मिलिमीटर उंचीची खाच जपानी गाड्यांत होती, ती कामी आली. हेच 'डबल डिन'. टोयोटाची खाच त्याहूनही रुंद, २०० मिलिमीटरची, म्हणून जुन्या टोयोटात साधा डबल डिन बसवला की दोन्ही बाजूंना फट राहते आणि ती बुजवायला पट्ट्या लावाव्या लागतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि गाडी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे कळू लागलं.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत टेपच्या वर किंवा खाली एक उथळ कप्पा असतो. त्यात आपण टोलच्या पावत्या, सुट्टे पैसे ठेवतो. तो कप्पा दुसरं-तिसरं काही नसून डबल डिनचा उरलेला अर्धा भाग असतो. वडिलांच्या गाडीतही तो होता. फिटरने कप्पा उचकटला तेव्हा आतून खडूसारखी पांढरी पडलेली चॉकलेटची चांदी आणि टोलची एक जुनी पावती निघाली. पावतीवरची शाई पार उडाली होती. वडिलांनी ती तरीही खिशात ठेवली.

याच काळात गाडीवाल्या कंपन्यांनी ती खाच बुजवायला सुरुवात केली. २००५ नंतर आलेल्या अनेक गाड्यांत टेप डॅशबोर्डच्या आकारातच मिसळून गेला. कडा वळलेल्या, बटणं एसीच्या शेजारी पसरलेली. दिसायला देखणं, पण बदलायला कठीण. शिवाय गाडीतली यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन बस या पद्धतीत दोन वायरींवरून सगळ्या गाडीचे निरोप फिरतात. स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटणसुद्धा त्याच रांगेत. टेप काढला की ते बटण मुकं होतं आणि मधे भाषांतर करणारा एक छोटा डबा बसवावा लागतो. जुन्या गाड्यांत हे सोपं होतं. प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स, सगळी एकाच वायरीवर. नव्या यंत्राला एकेक बटण दाबून दाखवलं की ते शिकतं.

मोबाइल आल्यावर खाच बुजणार असंच वाटत होतं. झालं उलट. २०१४ मध्ये ॲपलने कारप्ले आणि गुगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं. नकाशा, गाणी, फोन सगळं मोबाइलमध्येच, गाडीचा पडदा म्हणजे फक्त आरसा. आणि २०१५ च्या मार्चमध्ये अँड्रॉइड ऑटो पहिल्यांदा लोकांच्या हाती आलं, ते पायोनिअरच्या दुकानात मिळणाऱ्या यंत्रांवर. कारखान्यातून ते घेऊन निघालेली पहिली गाडी, ह्युंदाई सोनाटा, त्यानंतर आली. दुकान गाडीच्या कारखान्याच्या पुढे गेलं होतं. या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

मग चिनी यंत्रांची लाट आली. नऊ इंचांचा पडदा, मागे पातळ डबा, आणि प्रत्येक गाडीसाठी वेगळी प्लास्टिकची फ्रेम. गाडीवाल्यांनी खाच वाकडी केली, तर या लोकांनी त्या वाकडेपणाचाच साचा काढला. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ही यंत्रं आपल्याकडे धडाक्यात चालू लागली. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांनाही रिव्हर्स कॅमेरा हवासा वाटू लागला. त्यात महाराष्ट्रात १५ वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरून लोक चांगली गाडी ठेवतात. अशा गाडीत दहा-पंधरा हजार घालणं मग कोणाला जड वाटत नाही.

या यंत्रांबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगतो. खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं, ते क्षणभराचं. १४.४ व्होल्टवर चार ओमच्या स्पीकरला आतला अँप्लिफायर २६ वॅटच्या वर सलग देऊच शकत नाही, प्रत्यक्षात २० ते २२ मिळतात. दुसरं, स्वस्त यंत्राच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती आणि मेमरी वाढवून दाखवलेली असते. आत काय आहे ते तपासणारं ॲप दुकानातच टाकून बघा, पैसे देण्याआधी.

वडिलांच्या गाडीत फिटरने निळी वायर ओढून बाहेर काढली, पिळलेले जोड तोडले आणि कापलेल्या कपलरच्या जागी नवा कपलर सोल्डर केला. पिवळी वायर बॅटरीची, कायम चालू. लाल चावीची. दोन्ही पिवळीवर जोडल्या तर यंत्र रात्रभर जागं राहतं आणि सकाळी बॅटरी बसते. दोन्ही लालवर जोडल्या तर प्रत्येक वेळी चावी बंद केल्यावर ते सगळं विसरतं. शेवटची राहिली रिव्हर्स कॅमेऱ्याची बारीक वायर, मागच्या दिव्यापर्यंत जाणारी. ती त्याने दाराच्या पट्टीखालून नेली, जिथे आधी निळी वायर होती.

वडिलांनी रिव्हर्स टाकला. पडद्यावर रस्ता दिसला, हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा, आणि मागे उभा असलेला फिटर. तो हाताने सांगत होता, "या काका, या, अजून या." वडील पडद्याकडे बघत नव्हतेच, सवयीने मान वळवून मागच्या काचेतून त्याच्याकडे बघत होते. जुना टेप, त्याची लोखंडी चौकट आणि त्या दोन पातळ पट्ट्या फिटरने एका पिशवीत घालून डिकीत ठेवल्या.