श्रवण तपासणी शिबिर (पुणे)

श्रवण तपासणी शिबिर : ऐकू कमी येणारी माणसे दवाखान्यात येण्याची वाट न पाहता, त्यांच्याच वस्तीत जाऊन त्यांना शोधून काढणारी मोफत प्राथमिक चाचणी. पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळे, रोटरी व लायन्स क्लब आणि रुग्णालयांचे कान-नाक-घसा विभाग अशी शिबिरे घेतात. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन त्यासाठी हक्काचे निमित्त ठरतो.

शिबिराची गरज बहिरेपणाच्या स्वभावातच आहे. दात दुखला की माणूस डॉक्टरकडे जातो. ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. वयोमानाने आधी उच्च वारंवारतेचे (चढ्या पट्टीचे) ध्वनी हरवतात. म्हणजे स, श, फ यांसारखी हलकी व्यंजने निसटतात, पण स्वर मात्र नीट पोहोचतात. ‘आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत,’ ही तक्रार इथूनच येते. घरच्यांना वाटते आजोबा लक्ष देत नाहीत, आणि आजोबांना वाटते हल्ली सगळेच पुटपुटतात. टीव्हीचा आवाज चढत जातो, लग्नकार्याला जाणे टाळले जाते, फोन दुसऱ्याच्या हातात दिला जातो. या एकटेपणात वर्षे निघून जातात. कमी ऐकू येणे आणि उतारवयातील स्मृतिभ्रंश यांचा संबंध अभ्यासांतून पुढे आल्यापासून हा विलंब अधिकच गंभीर मानला जातो.

शिबिरात आधी चार प्रश्न विचारले जातात : कान वाहतो का, कानात शिट्टी वाजल्यासारखे होते का, घरात कुणाला बहिरेपण आहे का, काम गोंगाटातले आहे का. मग ओटोस्कोपने (दिवा लावलेल्या भिंगाने) कानात पाहतात. काहींचा प्रश्न इथेच सुटतो, कारण मळाचा दडा बसलेला असतो. त्यानंतर हेडफोन लावून ऑडिओमीटर या सूर वाजवणाऱ्या यंत्रावर साधारणपणे ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झचे सूर ऐकवतात. सूर ऐकू आला की हात वर करायचा.

या चाचणीचा खरा शत्रू आजूबाजूचा आवाज. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात, पंखा, माइक आणि चहाच्या कपांच्या गलबल्यात ५०० हर्ट्‌झचा मंद सूर धडधाकट कानालाही ऐकू येत नाही. जाणते आयोजक त्यामुळे शाळेचा मागच्या अंगाचा वर्ग निवडतात, पंखे बंद करतात आणि रांग जिन्याखाली थांबवतात. सभागृहाची सजावट आणि पाहुण्यांचे सत्कार यांपेक्षा ही एक शांत खोली कितीतरी मोलाची.

शिबिराची चाचणी म्हणजे निदान नव्हे. ‘पुढील तपासणी आवश्यक’ अशी चिठ्ठी मिळालेल्याने ध्वनिरोधक खोलीत पूर्ण ऑडिओमेट्री (श्रवणक्षमतेचे मोजमाप) करून घ्यावी लागते. ससून सर्वोपचार रुग्णालय किंवा धनकवडीच्या भारती विद्यापीठाचे वाक्-श्रवणशास्त्र महाविद्यालय ही त्यासाठी शहरातील परिचित ठिकाणे. किती जणांचे कान तपासले हा आकडा अहवालात शोभतो. चिठ्ठी घेतलेल्यांपैकी किती जण त्या खोलीपर्यंत पोहोचले, यावरच शिबिराचे यश मोजायला हवे. श्रवणयंत्र विकणाऱ्यांनी भरवलेल्या शिबिरात तर ऑडिओग्रामची (चाचणीच्या आलेखाची) प्रत हातात घेऊनच निघावे आणि तपासणाऱ्याची, श्रवणतज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारावी. यंत्र त्याच टेबलावर त्याच दिवशी घेण्याची घाई करू नये.

नवजात बाळांसाठी हे शिबिर नाही. त्यांची तपासणी ओएई (आंतरकर्णाचा प्रतिसाद टिपणारी) आणि बेरा (श्रवणमार्गाचा मेंदूपर्यंतचा प्रतिसाद टिपणारी) या यंत्रचाचण्यांनी, जन्मानंतर पहिल्या महिन्यात होणे इष्ट असते; तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा संकेत आहे. बोली भाषा ऐकूनच येते, त्यामुळे इथे प्रत्येक महिना मोलाचा.

पुण्यात श्रवणाची काळजी म्हटली की गणेशोत्सव आलाच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियम, २०००ची मर्यादा. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आवाज मोजतात, आणि काही नोंदी १०० डेसिबलच्याही वर गेल्या आहेत. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरले, तर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. ढोल-ताशा पथकातील मुलेमुली उत्सवाआधी कित्येक आठवडे नदीपात्रालगत सराव करतात. आंतरकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून त्यांनी कानात इअरप्लग घालूनच वाजवावे. मंडळाच्या शिबिरात ज्येष्ठांच्या रांगेत पथकातील वादकही उभे राहायला हवेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील प्रेस शॉपमधील (पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागातील) कामगारांचीही गोष्ट तीच.

घरगुती सवयींत कोमट तेल ओतणे, हेअरपिन किंवा काडीने कान कोरणे आजही चालते. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते, आणि काडीने मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो. वाहता कान ‘आपोआप सुकेल’ म्हणून सोडू नये. फाटलेला पडदा शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतो. एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे गेले, तर ती आणीबाणी समजावी. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक होतो. अशा वेळी पुढच्या शिबिराची तारीख न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.