पंप बदलण्याआधी वायर तपासू या
जुन्या ट्रकच्या मालकांसाठी माहितीपत्रक

"पंप गेलाय, नवा टाकून द्या." जुना ट्रक ओढून आणलेल्या ग्राहकाचं हे निदान बहुतेक वेळा गाडी आत घेण्याआधीच झालेलं असतं. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा हा पंप जातो, नाही असं नाही. पण वीस-पंचवीस वर्षं चिखलपाणी सोसलेल्या गाडीत पंपाच्या आधी त्याची वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि अर्थ (वीज बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी) म्हातारे झालेले असतात. नव्या पंपालाही त्याच वायरमधून वीज मिळणार असेल तर नवा पंप टाकून काय उपयोग? म्हणून पंप चालू असताना त्याच्यापर्यंत किती व्होल्ट पोहोचतात हे मोजल्याशिवाय आम्ही टाकी खाली उतरवत नाही.

हे पत्रक टाकीत बुडालेल्या, विजेवर चालणाऱ्या पंपाबद्दल आहे, म्हणजे मुख्यतः पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल. तुमच्या गाडीचा पंप इंजिनावर बसवलेला आणि कॅमवर चालणारा असेल, तर खालची मोजमापं लागू होत नाहीत.

चावी ऑन केल्यावर काय ऐकू येतं?

सेल्फ मारू नका, फक्त चावी ऑन करा आणि दुसऱ्या कुणाला टाकीजवळ कान देऊन उभं करा. बहुतेक गाड्यांत पंप साधारण 2 सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. थांबला म्हणजे बिघडला असं नाही. इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला नाही तर कंप्युटर पंप बंदच करतो, आणि अपघातात पेट्रोल सांडत राहू नये म्हणून ते योग्यच आहे. मात्र याच कारणाने इंजिनाचा तो सिग्नल गेला असेल तर पंप चांगला असूनही चालत नाही. त्यामुळे सेल्फ मारतानाही पंपाचा आवाज नसेल तर त्याच सिग्नलवर अवलंबून असलेला स्पार्क येतोय का हेही आम्ही लगेच बघतो.

काही जुन्या शेव्हरोले ट्रकमध्ये पंपाला दोन वाटांनी वीज मिळते: एक रिलेतून (विजेवर चालू-बंद होणारा छोटा स्विच), दुसरी ऑइल प्रेशरच्या स्विचमधून. रिले मेला की गाडी लगेच सुरू होत नाही. बराच वेळ सेल्फ मारत राहिलं, ऑइलचं प्रेशर चढलं, की मग उठते. ग्राहक सांगतात, "सकाळी फार वेळ घेते, नंतर दिवसभर मस्त चालते." हे एक वाक्य ऐकलं की आमचा हात आधी रिलेकडे जातो.

फोर्डच्या अनेक जुन्या पिकअपमध्ये धक्का बसला की पंपाची वीज तोडणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आपटल्यानंतर गाडी बंद पडली असेल तर आधी तो बघा. पेट्रोल कुठे गळत नाही ना, याची खात्री करून बटण दाबलं की काम होतं. दोन टाक्यांची गाडी असेल तर तुमचं नशीब चांगलं. दुसऱ्या टाकीवर गाडी नीट चालली, तर फ्यूज आणि पुढची वायरिंग ठीक आहे. दोष टाकी निवडणाऱ्या स्विचपासून त्या एका टाकीपर्यंतच्या भागात शोधायचा.

मीटर 12 दाखवतो, तरी पंप का चालत नाही?

घरी तपासणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पंपाचा कपलर काढायचा, मल्टिमीटर लावायचा, 12 व्होल्ट दिसले की म्हणायचं, "वीज येतेय, म्हणजे पंपच गेला." पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटरला पूर्ण 12 दिसतात. पंपाला मात्र चालायला साधारण 4 ते 8 अँपिअर लागतात, आणि एवढा करंट त्या एका धाग्यातून गेला की व्होल्टेज कोसळतं. चेपलेल्या पाइपाचं असंच असतं. नळ बंद असेपर्यंत प्रेशर पूर्ण वाटतं, नळ सोडला की धार कळते.

म्हणून कपलर जोडलेला ठेवून, पंप चालू असताना मोजायचं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी पिन पंपाच्या प्लस वायरवर, कपलरच्या मागच्या बाजूने. दिसतील तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या अर्थपर्यंत. दोन्हीकडचे मिळून अर्धा-पाऊण व्होल्टपर्यंत आम्ही चालवून घेतो, त्याच्या वर गेलं की वायर धरतो. वायरला टाचणी भोसकून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी तिथेच हिरवा गंज सापडतो.

एक उदाहरण सांगतो. एका ट्रकला वर्षभरात दोन नवे पंप बसवून झाले होते. रिकामा असताना नीट चालायचा, माल भरून चढाला लागला की धाप लागायची. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर 13.9 व्होल्ट मिळाले, पंपावर 9.6. प्लसच्या बाजूला फक्त 0.4 हरवत होते, उरलेले 3.9 अर्थच्या बाजूला. टाकीमागे चेसिसवर अर्थची रिंग एका बोल्टखाली होती, आणि मधे कधीतरी चेसिसला रंग मारताना तिच्याखालीही रंग गेला होता. बोल्टला हात लावला तर चटका बसेल इतका गरम. रंग खरवडून लोखंड उघडं केलं, नवी रिंग बसवली, वर ग्रीस लावलं. पंपावर 13.4. कमी व्होल्टेजवर मोटर हळू फिरते, प्रेशर पडतं, आणि जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच ते जाणवतं. आधीचे दोन पंप बहुधा ठणठणीत होते, पण ते भंगारात गेले होते.

रिले आणि फ्यूज

रिलेचा "टक" आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं समजू नका. आवाज आतल्या कॉइलचा असतो, पंपाचा करंट पॉइंटमधून (एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांतून) जातो, आणि जळलेला पॉइंटही टक करतोच. हॉर्नचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघणं सोपं. नंबर तोच हवा, दिसायला सारखे असलेल्या रिलेंच्या पिना वेगळ्या असू शकतात.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज कधीही घालू नका. 15 अँपिअरच्या जागी 30 चा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीकडे जाते. फ्यूज उडतो म्हणजे एकतर वायर चेसिसला घासून उघडी पडली आहे, नाहीतर पंप अडकत फिरतोय.

वीज पूर्ण पोहोचतेय, तरी पंप गप्प आहे किंवा टाकीला खालून हलका ठोसा मारल्यावरच चालतो? मग मात्र बहुधा पंपाचे ब्रश (मोटरच्या आत वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत. तेव्हा आम्हीही पंपच बदलायला सांगतो, आणि सोबत फिल्टर व कपलरही.

टाकीजवळ ठिणगी पडेल असं काही करू नका. पंपाला थेट वायर लावून बघायची असेल तर ती रिलेच्या बॉक्समधून, मधे फ्यूज टाकून. टाकीपाशी नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर तेही नको.

गाडी आणताना एवढं नक्की सांगा: थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर, पावसानंतर की धुतल्यानंतर, आणि तेव्हा टाकीत किती पेट्रोल होतं. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, म्हणून पाव टाकीच्या खाली गेल्यावरच त्रास होत असेल तर ती आमच्यासाठी मोठी खूण आहे. आधी काढलेले जुने पंप, रिले फेकू नका, सोबत आणा. आणि टाकी भरून आणू नका. उतरवायची वेळ आलीच तर पाव ते अर्धी टाकी बरी पडते.