खोल रेकवरच्या डाइव्हचा प्लॅन कसा घडत गेला

आज ७० मीटरवरच्या बुडालेल्या जहाजावर, म्हणजे रेकवर, जायचं तर कुठला गॅस, किती, आणि वर येताना कुठं किती मिनिटं थांबायचं हे सगळं आधीच एका कागदावर असतं. पण गॅस आणि डेको (थांबत थांबत वर येऊन अंगावरचा दाब हळूहळू उतरवणं) या दोन गोष्टी एकत्र यायला फार उशीर झाला, आणि त्या उशिरात माणसं गेली म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

डेको आधी आलं. दाब झपाट्याने कमी झाला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात हे पॉल बर्टने १८७८ मध्येच दाखवलं होतं. मग जे. एस. हॉल्डेनने ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग केले, दाब निम्म्यावर येईपर्यंत सहसा त्रास होत नाही असं दिसलं, त्यावरून १९०८ मध्ये थांबत थांबत वर येण्याची टेबलं निघाली. पुढे झुरिकमध्ये ब्यूलमनने शरीराचे १६ काल्पनिक भाग (टिश्यू) धरून कुठला किती वेगाने गॅस शोषतो न् सोडतो याचं मॉडेल केलं, आजची बरीच डाइव्ह कॉम्प्युटर त्यावरच चालतात.

गॅसचं मात्र तसं झालं नाही. १९३९ मध्ये बुडालेली स्क्वालस पाणबुडी वर काढताना अमेरिकन नौदलाने ७३ मीटरवर श्वासासाठी नायट्रोजनच्या जागी हेलियम वापरला, म्हणजे खोलवर नायट्रोजनने येणाऱ्या नशेवर उपाय हाताशी होता, पण पुढची कित्येक वर्षं तो नौदल आणि तेलकंपन्यांकडेच राहिला. १९५६ ला अँड्रिया डोरिया हे प्रवासी जहाज साधारण तितक्याच खोलीवर बुडालं आणि हौशी डायव्हर तिथं साध्या हवेवर जात राहिले. ७० मीटरवर दाब ८ बार, त्यात ऑक्सिजनचा वाटा १.६८ बार होतो, तो फार वाढला तर झटके येतात, म्हणून आज स्टॉपवर निवांत असतानाही १.६ च्या वर जात नाहीत. वर नायट्रोजनची नशा, तीही अंधाऱ्या पॅसेजमध्ये! आणि पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणारा माणूस तिथं १६० लिटर ओढतो, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरांची जोडी २०० बारला भरली तरी तिचा एक तृतीयांश दहा मिनिटांत संपतो. एक तृतीयांश जायला, एक परतायला, एक राखीव, हा तृतीयांशाचा नियम रेकवाल्यांचा नाहीच, तो फ्लोरिडातल्या गुहांमधून आला, तिथले मृत्यू तपासून गुहांमधला डायव्हर शेक एक्सलीने १९७९ मध्ये तो ठासून मांडला.

१९९१ मध्ये न्यू जर्सीजवळ यू-८६९ ही बुडालेली जर्मन पाणबुडी सापडली, पुढच्याच वर्षी तिथं हवेवर गेलेले बापलेक वारले, मुलगा आत अडकला, सुटेपर्यंत वेळ गेला आणि दोघं डेको न करताच वर आले. त्याच सुमारास ट्रायमिक्स (ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण) हौशी डायव्हरांपर्यंत पोचत होतं, आणि गॅस न् डेको एकाच हिशेबात बसायला लागले.

हिशेब अजून बदलतोय. नव्वदीत खोलवरचे जादा स्टॉप अनेकांनी उचलले, पण अमेरिकन नौदलाने तेवढ्याच एकूण डेको वेळात तुलना केली तर खोल थांबणाऱ्यांनाच बेंड्स (बुडबुड्यांमुळे होणारा त्रास) जास्त झाले, २०११ मध्ये तो रिपोर्ट आला आणि तेव्हापासून बऱ्याच जणांनी आपला पहिला स्टॉप वर सरकवला.