पैशांची अडचण असताना जनावराचा उपचार : आमच्या दवाखान्यातील सोय आणि इतर मार्ग

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या पशुपालकांसाठी आणि घरी कुत्रे-मांजर सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी हे पत्रक तयार केले आहे. हाती पैसा नाही म्हणून जनावर उशिरा आणले जाते, उशीर झाल्यामुळे उपचाराचा खर्च वाढतो आणि खर्च वाढल्यामुळे उपचार अर्धवट सुटतो, हे आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. म्हणून आमची विनंती अशी की, जनावराने खाणे सोडल्याच्या पहिल्याच दिवशी यावे आणि आज किती रक्कम देता येईल ते तपासणी सुरू होण्यापूर्वीच सांगावे. ते सांगण्यात कमीपणा नाही. उलट त्यावरूनच आम्हांला उपचार नीट ठरवता येतो.

आपल्या भागात घरात पैसा येतो तो दिवाळीच्या आसपास सोयाबीन आणि त्यानंतर कापूस विकल्यावर. पेरणी, डवरणी, खत आणि फवारणी यांत आषाढ-श्रावणात हात रिकामा होतो. नेमक्या त्याच दिवसांत गोचिडांचा ताप, सर्पदंश आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा होऊन जनावरे आमच्याकडे येतात. बैलासाठी माणूस सावकाराचेही दार ठोठावतो, पण शेतावर रात्रभर राखण करणाऱ्या कुत्र्यासाठी उसनवारी करायला तो कचरतो. गावात कोणी हसेल, अशी भीती त्याला असते.

काही वर्षांपूर्वी एका सालदाराने चार महिन्यांचे पिल्लू पोत्यात गुंडाळून सायकलवर आणले होते. दोन दिवसांपासून उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होती. लक्षणे पार्व्हो या विषाणुजन्य आजाराची होती. आम्ही लगेच सलाईन लावली, दुसऱ्या दिवशीही लावली, आणि पिल्लाने मान उचलली. तिसऱ्या दिवशी मात्र तो आलाच नाही. पुढे बाजारात भेट झाली तेव्हा कळले की, त्याच्याजवळ तीनशे रुपये होते, बिल किती झाले हे विचारायची त्याला लाज वाटली आणि पिल्लू घरीच गेले. चूक आमची होती, कारण खर्चाचा अंदाज न सांगताच आम्ही उपचार सुरू केला होता. पुढील पद्धत त्या पिल्लानंतर सुरू झाली.

अंदाजाची चिठ्ठी आणि हप्ते

तपासणी झाल्यावर आणि औषध देण्यापूर्वी आपल्याला एक चिठ्ठी मिळेल. तिच्या एका बाजूला आजच करायला हवे असे उपचार आणि दुसऱ्या बाजूला थांबले तरी चालेल अशा गोष्टी, त्यांच्या अंदाजे खर्चासह लिहिलेल्या असतात. उदाहरणार्थ, पार्व्होच्या पिल्लाला सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि प्रतिजैविक त्याच दिवशी द्यावे लागते. मात्र रक्ततपासणीच्या निकालाने उपचार बदलणार नसेल, तर ती आम्ही दुसऱ्या बाजूला लिहितो. गोचिडांच्या तापाची लक्षणे स्पष्ट असतील, तर महागड्या तपासणीआधी गोळ्या सुरू करून गुण येतो का ते पाहता येते. हा दुय्यम दर्जाचा उपचार नव्हे, आहे त्या पैशांत आधी काय करावे याचा तो निर्णय आहे, आणि त्यात कोणता धोका उरतो तेही आम्ही तोंडी सांगतो.

बिलाचा चौथा हिस्सा त्या दिवशी द्यावा आणि उरलेली रक्कम मकरसंक्रांतीपर्यंत आपल्या सोयीच्या हप्त्यांनी फेडावी. व्याज नाही, जामीनदार नाही. आमच्या वहीत नोंद आणि तिची एक प्रत आपल्याकडे, एवढेच. कोणत्या रंगाची शिधापत्रिका आहे हे आम्ही विचारत नाही, कारण गारपिटीच्या किंवा बोंडअळीच्या वर्षी पांढरी शिधापत्रिका असलेलाही तेवढाच अडचणीत येतो. तपासणीचे शुल्क पूर्ण माफ करणे आमच्या हातात आहे. औषधाची खरेदी-किंमत मात्र माफ करता येत नाही, कारण ठोक विक्रेत्याचे पैसे आम्हांलाही ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. याच कारणाने एका घराची बाकी पाच हजार रुपयांच्या वर जाऊ देता येत नाही.

कमी खर्चात टळणारे मोठे खर्च

रेबीजच्या लसीची एक मोठी कुपी दहा मात्रांची असते आणि ती उघडल्यावर लवकर संपवावी लागते. त्यामुळे एकच कुत्रा आणल्यास लस महाग पडते, पण मोहल्ल्यातील दहा कुत्रे एकाच दिवशी आणल्यास प्रत्येकाचा वाटा बराच कमी होतो. अशी दहा नावे जमवून आम्हांला कळवल्यास आम्ही स्वतः गावात येऊ आणि येण्याजाण्याचा खर्च घेणार नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली मात्रा द्यावी, पुढे दरवर्षी एक. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जनावराला वाचवणारा उपचार नाही. कुत्रा चावलेल्या माणसाने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे; तेथे लस मोफत मिळते.

पैसे वाचवण्यासाठी केलेले काही घरगुती उपाय मात्र फार महागात पडतात. कपाशीवर फवारायचे औषध पाण्यात कालवून गोचिडांसाठी कुत्र्याच्या अंगाला लावले जाते. कुत्रा अंग चाटतो आणि तासाभरात तोंडाला फेस, थरथर, झटके सुरू होतात. असे घडल्यास अंग साबणाने धुऊन काढावे आणि औषधाची रिकामी बाटली सोबत आणावी, कारण तिच्यावरचे नाव वाचले की उतारा शोधण्यात वेळ जात नाही. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. बैलाच्या सुजेसाठी माणसांच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणण्याची सवयही सोडावी. त्याचा पशुवैद्यकीय वापर २००६ पासून बंद आहे, कारण मेलेल्या जनावराचे मांस खाणारी गिधाडे त्याने मरतात. मेलॉक्सिकॅम हा त्याला पर्याय आहे आणि तो काही फार महाग नाही.

आमच्याशिवाय कुठे जाता येईल

आमचा दवाखाना खासगी आहे, म्हणून सरकारी सोयींची माहिती दडवावी असे आम्हांला वाटत नाही. जिल्हा परिषदेच्या आणि राज्य शासनाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नाममात्र शुल्कात उपचार होतात. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक जेथे सुरू आहे त्या भागात दारापर्यंत येते. गाय-म्हैस यांना लाळ-खुरकूत रोगाची लस २०१९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत टोचली जाते. मोडलेले हाड किंवा मोठी शस्त्रक्रिया आमच्याकडे होत नाही. त्यासाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचे रुग्णालय आहे. तेथे जाणाऱ्यांना आम्ही आतापर्यंतच्या उपचाराची लेखी नोंद विनामूल्य देतो. तीच तपासणी पुन्हा करावी लागू नये, हा तिचा उपयोग.

दुभती जनावरे, बैल आणि शेळ्या यांचा विमा राष्ट्रीय पशुधन अभियानातून काढता येतो. २०२४ मध्ये झालेल्या बदलानुसार हप्त्याचा १५ टक्के वाटा पशुपालकाचा असून उरलेला केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. विम्यासाठी कानातला बिल्ला लागतो. तो गळून पडला आणि नवा बसवला नाही, तर दावा अडतो, म्हणून बिल्ला हरवल्याचे दिसताच सरकारी दवाखान्यात कळवावे. गावठी कुत्र्यासाठी विम्यापेक्षा लस आणि वेळेवर तपासणी यांवर पैसा घालणे आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते.

कधी कधी आजार इतका पुढे गेलेला असतो की, कर्ज काढूनही उपयोग होणार नाही. अशा वेळी आम्ही ते स्पष्ट सांगतो. वेदना थांबवण्यासाठी जनावराला शांतपणे मरण देण्याचा निर्णय कुटुंबाने घेतल्यास आम्ही त्याचे शुल्क घेत नाही.

जुनी बाकी राहिलेल्या पशुपालकांनीही आजारी जनावर घेऊन यावे. वही त्या दिवशी उघडली जाणार नाही. बाकीचे बोलणे जनावर बरे झाल्यावर करता येईल. रात्री आठनंतर यायचे झाल्यास आधी फोन करावा, म्हणजे दार उघडून सलाईनची तयारी करून ठेवता येईल.