कादंबरी व चित्रपट : तुलनात्मक अभ्यास (ठाणे–नवी मुंबई परिसर)

कादंबरी आणि तिच्यावर बेतलेला चित्रपट शेजारी ठेवून दोहोंच्या रचनेचा केलेला विचार. समीक्षेत यास माध्यमांतराचा अभ्यास असेही म्हणतात. ठाणे व नवी मुंबई परिसरातील महाविद्यालयीन अध्यापनात आणि वाचकांच्या चर्चांमध्ये हा विषय परिचयाचा आहे. मुंबईलगतच्या या भागाशी थेट नाते सांगणारे एक ठळक उदाहरणही त्याला लाभले आहे.

आरंभ : मराठी कादंबरी पडद्यावर प्रथम केव्हा आली, याचे उत्तर ‘मराठी चित्रपट’ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. बाबूराव पेंटर यांचा सिंहगड (१९२३) हा मूकपट हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर आधारलेला होता. मूकपटाला भाषा नसते, असलीच तर पडद्यावरील मजकुराच्या पाट्यांपुरती, असे मानणारे अभ्यासक अयोध्येचा राजा (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटापासून गणना करतात. त्यांच्या दृष्टीने व्ही. शांताराम यांचा त्याच कादंबरीवरील सिंहगड (१९३३) महत्त्वाचा ठरतो. मूकपटात शांतारामांनी शेलारमामाची भूमिका केली होती, म्हणजे एकाच कादंबरीशी त्यांचा नट आणि दिग्दर्शक असा दोनदा संबंध आला. माध्यमांतराचे मुख्य काम प्रसंगांच्या निवडीत असते, संवाद त्यानंतर येतात. हे ध्यानी घेता १९२३ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

आणखी एक घोटाळा वारंवार आढळतो. सावकारी पाश (१९२५) या मूकपटाचे कथालेखन काही ठिकाणी हरि नारायणांच्या नावावर दाखवले जाते. ते नारायण हरि आपटे या दुसऱ्याच कादंबरीकाराचे मानणे योग्य. अमृतमंथन (१९३४) आणि कुंकू (१९३७) या ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या चित्रपटांचे मूळही नारायण हरींच्याच कादंबऱ्यांत, अनुक्रमे भाग्यश्री व न पटणारी गोष्ट यांत, आहे. हरि नारायण १९१९ मध्ये वारले होते. चित्रपटसृष्टीशी प्रत्यक्ष संबंध आला तो नारायण हरींचा.

मतप्रवाह : मूळ कृतीशी चित्रपट किती प्रामाणिक राहिला, हा जुना आणि अजूनही सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. ‘पुस्तकातले हे का गाळले?’ ही तक्रार त्यातूनच येते. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ मध्येच ही कसोटी अपुरी असल्याचे दाखवले : कादंबरी मनात प्रतिमा उभी करते, चित्रपट ती डोळ्यांपुढे ठेवतो, माध्यम बदलले की कृतीही बदलते. कॅनडातील अभ्यासक लिंडा हचिन यांच्या २००६ मधील विवेचनात रूपांतर ही स्वतंत्र निर्मिती मानली आहे. मराठी उदाहरणे तपासता हीच भूमिका अधिक फलदायी दिसते. काय गळले याची यादी लवकर संपते. निवेदकाने सांगितलेले चित्रपटाने कशाने दाखवले, हा प्रश्न मात्र प्रत्येक प्रसंगी नव्याने विचारावा लागतो.

कुंकूमध्ये पार्श्वसंगीत नाही. घरातील नैसर्गिक आवाज, भिंतीवरचे घड्याळ आणि आरसा यांनीच म्हाताऱ्या नवऱ्याची व तरुण पत्नीची कोंडी व्यक्त होते. सिंहासन (१९७९) हा अरुण साधू यांच्या मुंबई दिनांक आणि सिंहासन या दोन कादंबऱ्यांतून घडला. विजय तेंडुलकरांच्या पटकथेत पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचे नाट्य जवळून पाहत राहतो. अशा ठिकाणी एका कादंबरीचे पान उघडून चित्रपटाचा हिशेब मांडणे शक्यच नसते. श्यामची आई (१९५३) या प्र. के. अत्रे यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले; साने गुरुजींचे मूळ पुस्तक ४२ रात्रींच्या कथनात विभागलेले असून त्याला कादंबरी म्हणावे की आत्मकथन, याविषयी मते वेगळी आहेत.

परिसराशी निगडित उदाहरण : गो. नी. दांडेकर यांची जैत रे जैत ही १९६० च्या दशकातील कादंबरी ठाकर या आदिवासी जमातीच्या जीवनावर आहे. तीतील लिंगोबाचा डोंगर सामान्यतः पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याशी जोडला जातो. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका व त्यावरची मधमाश्यांची पोळी पाहता ही जोडणी पटते. पोळ्यातल्या राणीमाशीचे दर्शन घेऊन पुण्यवंत होऊ पाहणारा ढोलिया नाग्या, त्या माश्यांनी घेतलेला त्याचा डोळा आणि त्याला साथ देणारी चिंधी हा कथेचा गाभा.

जब्बार पटेल यांचा चित्रपट १९७७ चा. पटकथा सतीश आळेकर, गीते ना. धों. महानोर, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. नाग्याची भूमिका मोहन आगाशे यांनी, चिंधीची स्मिता पाटील यांनी केली. कादंबरीत निवेदकाचा स्वर कथा पुढे नेतो. चित्रपटात ते काम बहुतांशी गाण्यांकडे आणि ढोलाच्या तालाकडे आले, व वाडीचा समूह स्वतःच कथा गाऊ लागला. ही सोय गाणी घालण्यापुरती नव्हती. ठाकरांमध्ये देव, डोंगर, कष्ट आणि लगीन या साऱ्यांना गाणे लागतेच. म्हणून गद्य निवेदन सोडूनही चित्रपट कादंबरीच्या जगापासून दूर गेला नाही. माध्यमांतराचे मराठीतील हे सर्वांत समर्थ उदाहरण म्हणता येईल.

कादंबरी आणि चित्रपट यांच्या दरम्यान परिसरही पालटला होता. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले आणि १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. कर्नाळा या आखणीच्या दक्षिणेस, मुंबई–गोवा महामार्गालगत आहे. कादंबरी, चित्रपट आणि प्रत्यक्ष डोंगर असा तिहेरी पडताळा येथील वाचकाला एका दिवसात घेता येतो.

संस्था : ठाण्यातील मराठी ग्रंथ संग्रहालय (स्थापना १८९३) हे मूळ कादंबऱ्यांच्या जुन्या आवृत्त्या शोधणाऱ्यांसाठी पहिले ठिकाण. नवी मुंबईत वाशीचे साहित्य मंदिर व विष्णुदास भावे नाट्यगृह ही साहित्य आणि रंगभूमीविषयक कार्यक्रमांची परिचित स्थळे होत.