ॲपलसॉस आणि पुरणयंत्र

नावात सॉस असला तरी ॲपलसॉस काही बाटलीतून ओतायचा प्रकार नव्हे. सफरचंदाच्या फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवायच्या, सालं-बिया गाळून टाकायच्या आणि वाटलं तर साखर-दालचिनी घालायची. झाला गर तयार. आपल्या साखरांब्यासारखा पाकाचा घोळ यात नाही. अमेरिकेत तो पोर्क चॉपबरोबर खातात, ज्यू घरांत हनुक्का सणाला बटाट्याच्या लाटक्यांबरोबर (किसाच्या तळलेल्या टिक्क्यांबरोबर) वाढतात. जर्मनीत तोच 'आप्फेलमुस'.

कृती जुनी आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या, १३९० च्या सुमारास लिहिलेल्या पाककृतींत 'अपुलमॉय' सापडतं: सफरचंदं पाण्यात उकडा, गाळणीतून काढा, बदामाचं दूध, मध, तांदळाचं पीठ, केशर, मसाला आणि मीठ घालून दाट होईपर्यंत शिजवा. वाचताना सॉसपेक्षा खीरच डोळ्यांपुढे येते.

अमेरिकेत मात्र हा पदार्थ गरजेपोटी रुजला. सफरचंदाचं बी लावलं तर झाड मूळ जातीवर जात नाही. त्यासाठी कलमच करावं लागतं. युरोपातून आलेल्यांनी बियांपासून वाढवलेल्या बागांत आंबट-तुरट फळंच जास्त. त्यांची सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाचं पेय, व्हायची, उरलेली चुलीवर चढायची. त्यात मार लागलेलं किंवा किडकं फळ तळघरात ठेवायची सोय नाही, कारण एक नासकं फळ शेजारच्या दहांना नासवतं. पेनसिल्व्हेनियातले जर्मन शेतकरी शरद ऋतूत अंगणात तांब्याचा मोठा हंडा मांडून हाच गर सायडरमध्ये तासन्‌तास आटवत. तो काळपट, दाट 'ॲपल बटर'. लोण्याचा त्यात थेंबही नसतो. लांब दांड्याच्या लाकडी कालथ्याने सतत घोटत राहायचं, हात दुखले की दुसऱ्याने धरायचं. आमरस आटवलेल्या कोणालाही हे सांगायला नको.

इतकं आटवायचं ते टिकावं म्हणून. पातळ ॲपलसॉस वर्षभर ठेवता येऊ लागला तो बरणीमुळे. जॉन मेसन याने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आट्यांच्या तोंडाच्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं. ते संपल्यावर इतरांनीही तशा बरण्या काढल्या. सफरचंद मुळात आंबट, त्यामुळे भरलेली बरणी नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवली तरी पुरते. शेंगभाज्यांना मात्र प्रेशर लागतं. नवशिक्यांना आधी हाच पदार्थ करायला सांगतात, तो यासाठी.

उरलं गाळण्याचं काम. फ्रान्सच्या झां मांतले याने १९३२ मध्ये हाताने फिरवायची भाज्यांची चक्की बाजारात आणली. तिच्यातून पुढे मूलिनेक्स कंपनी उभी राहिली. खाली जाळीची चकती, वर तिरकं पातं, बाजूला दांडा. मराठी वाचकाला वेगळं वर्णन कशाला? हे पुरणयंत्रच. फोडी सालासकट शिजवून त्यातून काढल्या की गर खाली, चोथा वर. शिवाय लाल सालीमुळे गराला छान गुलाबी झाक येते.

आपल्याकडे अडचण फळाची. अमेरिकेतून येऊन कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हिमाचलात लावलेलं 'डेलिशस' गोड, कच्चं खायला उत्तम; शिजवलं की सपक. त्यात लिंबू पिळावंच लागतं.